बारा वाजायच्या आत

"बारापर्यंत वहीत नाव आलं नाही, तर खोली यादीतल्या पुढच्या माणसाला द्यावी लागेल," शर्वाणी हळूच म्हणाली. 'सोबती' या वृद्धाश्रमाचं सगळं तीच पाहायची.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा चाळीस झाले होते. नीलांबरीबाईंनी काठीची मूठ घट्ट धरली. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाई, पण बॅग त्यांनी स्वतः भरली होती. ती आता सुधीरच्या, त्यांच्या मुलाच्या हातात होती. जर्मनीतल्या एर्लांगेन शहरातून बसने इथे यायची ही तिसरी खेप. आधी दोनदा ऐन वेळी वहीत नाव लिहिणं झालं नव्हतं आणि दोघं इथूनच परत गेले होते.

सुधीर जुने फोटो बघत होता. पक्का इंजिनिअर माणूस, पण शर्टाची बटणं वरखाली लागली होती.

"हे घर कधी सुरू झालं गं, आई?"

"बसमध्ये सांगितलं की. दोन हजार एक साली. बंद पडलेलं गास्टहाउस, जुनी खानावळ होती, आपण सहा घरांनी मिळून उभं केलं."

"गेनाऊ, बरोबर. आणि ती वही कसली?"

नीलांबरीबाईंना आज निदान हा विषय नको होता.

"त्या सहा घरांतल्याच कुमारने त्याच्या आईला कॉफी प्यायला म्हणून आणलं आणि इथेच सोडून गेला. बिचारी तीन दिवस दारात बॅगेवर बसून होती, जेवलीसुद्धा नाही. मग मीच नियम केला. राहणाऱ्याने आपल्या हाताने नाव लिहायचं. फसवून कोणाला आणायचं नाही."

"चांगला नियम आहे."

सकाळी घरातून निघतानाही कॉफीचंच निमित्त झालं होतं.

शर्वाणीने खोली दाखवली. तळमजल्यावरची, ऊन येणारी. सुधीर खिडकीशी गेला.

"बसस्टॉप दिसतोय. रविवारी बस असते ना?"

"तासाला एक," शर्वाणी म्हणाली.

"मग येणं होईल."

नीलांबरीबाईंनी तोंड फिरवलं. डोळ्यांतलं पाणी त्याला दिसू द्यायचं नव्हतं.

अकरा पंचावन्न. परत येऊन बसल्यावर शर्वाणीने वही उघडून टेबलावर मधोमध ठेवली, वर पेन. कोणीच हात पुढे केला नाही.

"राहू दे," नीलांबरीबाई एकदम म्हणाल्या. "मला नाही जमणार हे. चल, घरी जाऊन कॉफी पिऊ."

"आई, खाली बस."

"सुधीर, अरे ऐक..."

"नियम तूच केलास ना? मग तूच मोडू नकोस."

त्याने वही स्वतःकडे ओढली. नीलांबरीबाईंनी डोळे मिटून घेतले. पेनची खरखर बराच वेळ चालली. मग शर्वाणीने न बोलता वही त्यांच्यासमोर सरकवली.

अक्षर अजून तसंच सुबक होतं. राहणाऱ्याचं नाव: सुधीर दिनकर टेंभेकर, वय एकसष्ट. भेटायला कोण येणार: आई, दर रविवारी. मी तिला विसरलो, तरी.