नातवाचा फोटो

लहान मुलांच्या डोळ्याला होणाऱ्या एका दुर्मीळ कर्करोगासाठी देशात एक जागृती दिन असावा, म्हणून नम्रता शनिवार पेठेत दारोदार सह्या गोळा करत होती. तिच्या स्वरदाचा आजार घरच्या एका फोटोमुळे कळला होता. फ्लॅश पडल्यावर एकाच बुबुळात पांढरी चमक दिसली, म्हणून डॉक्टरांकडे नेलं आणि पोरगी वाचली. लोकांना तिला एवढंच सांगायचं होतं.

तात्यारावांनी दार अर्धंच उघडलं.

"काका, एक सही हवी होती. लहान मुलांच्या कॅन्सरसाठी राष्ट्रीय दिन..."

"आणखी एक दिन? काल चॉकलेटचा झाला, उद्या समोशाचा येईल. अहो, आमच्या वाढदिवसाला तरी एखादी तारीख मोकळी ठेवा!"

"एकच मिनिट ऐका, काका. मुलांच्या फोटोत..."

"फोटोचं आम्हाला सांगू नका." त्यांनी दार सताड उघडलं आणि भिंतीकडे बोट केलं. "हा आमचा शौनक. पहिला वाढदिवस. याला म्हणतात फोटो!"

फ्रेममधलं गुटगुटीत बाळ कागदी टोपी घालून खळखळून हसत होतं. नम्रतालाही हसू आलं. "किती गोड आहे हो!"

तात्याराव एकदम खुलले.



"फोटोग्राफरला दोनदा परत पाठवला. प्रत्येक फोटोत एका डोळ्यात पांढरं चमकत होतं. ते काळं करून आणलं, तेव्हाच भिंतीवर लावला!"