चंद्राचं माथेरान

"अवो, जरा थांबा ना. पाय दुखतात माझे," चंद्रा म्हणाली.

सावळाराम थांबला नाही. मागे वळूनही बघितलं नाही त्याने. तिने पुन्हा हाक मारली, तरी तो आपला पुढे आणि ती चार पावलं मागे. भिवंडीत चालायची तशीच माथेरानात.

त्या तांबड्या मातीच्या रस्त्यावर बाकीची जोडपी कशी खुशाल हातात हात घालून चालली होती. एकाने तर बायकोला घोड्यावर बसवलं होतं आणि तिचा हात धरून स्वतः बाजूने धापा टाकत पळत होता. चंद्राला आधी हसू आलं आणि मग रडूच आलं. कुणाचं नशीब कसं, तर कुणाचं कसं!

लग्नाला सहा वर्षं झाली होती. सावळाराम लूमवर, कापडाच्या यंत्रमागावर कामाला. बारा तासांची शिफ्ट, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. घरी आला की जेवायचा आणि आडवा व्हायचा. पहिली काही वर्षं निदान दोन शब्द तरी बोलायचा. गेली दोन वर्षं तेही बंद. चुलीपुढे बसून चंद्राने काही विचारावं आणि पाठीमागून उत्तरच येऊ नये. आईशी मात्र बोलायचा हो! सासूने एक हाक मारली की गडी उठून बसायचा. आता सासूची हाक म्हणजे अर्धी आळी दचकायची, ते सोडा. चंद्राला एवढंच दिसायचं, की आईला उत्तर मिळतं आणि बायकोला मिळत नाही.

भांडण करावं तर तो तिचा पिंड नव्हता. आवाज मुळातच खालचा. त्यात सासू घरात, म्हणून नवऱ्याशी बोलायचं ते मान खाली घालून, पदर तोंडाशी धरून. माहेरी असंच शिकवलेलं. सहा वर्षांत ते अंगवळणी पडून गेलं होतं.

माथेरानचं खूळ शेजारच्या जानकीबाईने डोक्यात घातलं. "ने गं एकदा त्याला. तिथं मुके नवरे पण पोपटासारखे बोलतात," म्हणाली. शुक्रवारी वीज बंद, म्हणजे लूमही बंद. चंद्राने सासूला गळ घातली, सासूने पोराला ओरडून सांगितलं आणि सावळाराम चक्क हो म्हणाला. मग पहाटेची एसटी, कल्याणहून गाडी, नेरळहून ती झुकझुक. त्या झुकझुक गाडीत बायका खिडकीतून दरी बघत होत्या आणि सावळाराम रात्रपाळीची झोप काढत होता. चंद्राने त्याला उठवलं नाही.

पण मनाशी तिने पक्कं केलं होतं. आज इथे तरी हा माणूस धड बोलला तर ठीक. नाहीतर परत भिवंडीला उतरल्यावर घराकडे वळायचंच नाही, सरळ खारबावची एसटी धरायची. आईच्या घरी. टाकलेली बाई म्हणून लोक बोलतील, बोलू देत. रोज मरण्यापेक्षा ते बरं.

चालत चालत दोघं एको पॉइंटला आली. इथे लोक दरीकडे तोंड करून ओरडत होते आणि समोरचा डोंगर तेच शब्द परत देत होता. गॉगल लावलेल्या एका पोरीने नवऱ्याचं नाव घेतलं, अगदी बेधडक. डोंगराने ते तीनदा घेतलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सावळाराम कोपऱ्यात उभा राहून हे बघत होता. त्याचा चेहरा जत्रेत हरवलेल्या पोरासारखा झाला होता. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तो कठड्यापाशी गेला, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि ओरडला, "चंद्राऽऽ!"

"चंद्रा... चंद्रा... चंद्रा..." डोंगर म्हणाला.

चंद्राच्या अंगावर सर्रकन काटा आला. चार लोकांत नवऱ्याने नाव घेऊन हाक मारली होती, तीही अशी! ती लाजून तिथेच उभी राहिली.

सावळाराम मात्र दरीकडे बघत वाट पाहत होता. बराच वेळ. मग खांदे पाडून म्हणाला, "फुकट आलो गं. कायबी येत न्हाय परत. उगाच बोंबलतात लोक."

गॉगलवाली पोर खुदकन हसली. तिला ती थट्टा वाटली. चंद्रा हसली नाही. डोंगराने तर तिचं नाव तीनदा परत दिलं होतं.

ती त्याच्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर जाऊन उभी राहिली. कुठल्याही नवऱ्याने गर्रकन वळावं असं एकच वाक्य तिच्यापाशी होतं. ते तिने नेहमीच्या आवाजात म्हटलं. "मी खारबावला चालले. कायमची."

सावळाराम दरीतलं धुकं बघत राहिला.

अरे देवा! हा रुसला नव्हता. हा तिच्यावर कधी रुसलाच नव्हता. आठ वर्षं त्या खडखडाटात उभं राहून राहून कान गेले होते त्याचे. लूमवर सगळे हातवाऱ्यांनीच बोलतात, तिथे कुणाला कळणार? घरी आईचा आवाज पोचायचा. आणि बायको बोलायची ती पाठीमागून, पदराआडून.

चंद्रा पुढे आली. त्याच्या समोर उभी राहिली आणि पहिल्यांदाच चारचौघांत मान वर करून, त्याच्या डोळ्यांत बघून तिने विचारलं, "अवो, तुमाला ऐकू न्हाय येत का?"

सावळाराम तिच्या हलणाऱ्या ओठांकडे बघतच राहिला. त्याचे डोळे भरून आले.

"मला वाटलं," तो म्हणाला, "तूच माझ्याशी बोलायचं सोडलंस."