नारातली हरणं

आज हरणांचं सांगायचं, हे प्रीतानं गाडी पार्क करतानाच ठरवलं. मोठ्या बुद्धाचं देऊळ परवा झालं, हजारो कंदिलांचं काल. गाईडबुकातल्या नारा शहराची बाकीची पानं संपली होती. इतके दिवस टाळलेली बाग तेवढी उरली होती.

त्याच बागेत तिचा नवरा चंद्रशेखर जपानच्या ट्रिपच्या दुसऱ्याच दिवशी कोसळला होता. हार्ट अटॅक. मुलगा वेद तिकडे जाऊन सगळं उरकून अस्थी घेऊन आला. सासूबाईंना, सरलाताईंना, कुणी काही कळवलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांच्या हृदयाची झडप बदलायची होती. तोवर त्यांना धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

म्हणून प्रीता रोज दुपारी इथं अमेरिकेत, अल्फारेटातल्या त्यांच्या सीनियर अपार्टमेंटमध्ये यायची आणि गाईडबुकातलं पाठ केलेलं शेखरच्या नावावर खपवायची. साधी थाप कधी न मारलेली बाई आता मेलेल्या नवऱ्याला देवळं फिरवत होती. तिला स्वतःची किळस यायची.

सरलाताई खुर्चीत वाटच बघत होत्या. आज शेखर कुठं गेला होता, त्यांनी विचारलं.

"बागेत. हजारभर हरणं मोकळी फिरतात म्हणे, आई. बिस्किट दाखवलं की मान लववतात."

"थंडी असेल. स्वेटर नेलाय ना त्यानं?"

"नेलाय."

शेखरला फोन लाव, असं त्या एकदाही म्हणाल्या नव्हत्या. तेवढंच नशीब, असं प्रीताला वाटायचं. तिकडे आता पहाट आहे, हे कारण तिनं तयार ठेवलं होतं, ते लागलंच नाही. उलट त्या तिलाच दामटून जेवायला बसवायच्या आणि ताट रिकामं होईपर्यंत समोरून हलायच्या नाहीत.

आज हरणांपाशी तिचा आवाज फाटला. खोकल्याचं निमित्त करून ती खिडकीशी गेली. अजून आठ दिवस हे रेटणं आपल्याच्यानं होणार नाही, हे तिला स्वच्छ कळलं. आपल्याच तोंडून निसटणार आणि आपणच या म्हातारीचा जीव घेणार, या भीतीनं ती तिथंच पाठमोरी उभी राहिली.

सरलाताई उठल्या. भिंतीला धरत किचनमध्ये गेल्या, मायक्रोवेव्हमधून एक वाटी काढून टेबलावर ठेवली. साजूक तुपातला शिरा होता.

"नको आई. भूक नाही."

त्यांनी तिला हाताला धरून बसवलं आणि चमचा तिच्या हातात दिला.

"दोन घास घे, बाळा. शेखरचा तेरावा आज. घरच्यांनी गोड खायचं असतं."