पाकमास्तरची जीभ

“वाळू,” पाकमास्तर म्हणाला आणि त्यानं पाकाचा चमचा खाली ठेवला. “नुसती वाळू लागतेय.”

दारात बायको उभी होती, प्रवासाची पिशवी अजून हातातच.

मास्तरची जीभ म्हणजे काय सांगावी! विकायच्या साखरगोळ्यांच्या पाकावरून माशी नुसती उडत गेली, तरी हा बोट चाटून सांगायचा, मेलीनं एवढी साखर नेली म्हणून. पण चाटता चाटता तीच साखर अंगात भिनली. पायाचं एक बोट काढावं लागलं. डॉक्टर म्हणाले, आता गोड बंद, नाहीतर पुढच्या खेपेला पाऊलच जाईल. मास्तरनं मान डोलावली, घरी आला आणि थेट कढईपाशी जाऊन बोट बुडवलं.

मग बायकोनं खिडकीतल्या कुंडीत गुळमारची वेल लावली. त्या वेलीच्या पानाचा रस जिभेला लागला, की तासभर तरी जिभेला गोड म्हणून कळत नाही. रोज सकाळी मास्तरच्या खोकल्याच्या काढ्यात ती गुपचूप चार पानं वाटून घालायची. पाक त्याच वेळात व्हायचा. साखर वाळूसारखी लागायला लागली, तसं मास्तरचं चाटणं सुटलं. हसणंही सुटलं.

पण गेला आठवडाभर ती बहिणीकडे होती. काढा नाही, पान नाही. जीभ केव्हाच परत यायला हवी होती. आपण ती कायमची मारली की काय?

“इकडे ये गं,” मास्तरनं लेकीला हाक मारली. “जिभेवर बारीक बारीक खुर्च्या असतात. साखरेचा कण बरोब्बर त्यांच्याच मापाचा. तो येऊन टेकला, की डोक्यात घंटा वाजते, गोड! पण दुसऱ्या कुणी आधीच खुर्ची अडवली, तर साखर बिचारी येते, उभी राहते, निघून जाते. घंटा गप्प.”

“काहीतरीच, बाबा! जीभ आहे की लग्नाचा हॉल?”

“हस तू. माझ्या खुर्च्या भरल्या. आजपासून चाखायचं तू.”

त्यानं चमचा तिच्या हातात दिला. लग्नाच्या आधीपासूनचा चमचा तो. पटकन सुटेना त्याच्या बोटांतून.

बायकोला राहवलं नाही. “अहो, ऐका ना. तुमची जीभ मीच...”

“आधी पाणी पी, दमून आलीयेस,” मास्तर म्हणाला. “जीभ गेली तर गेली. दोन्ही पायांनी तुझ्यासोबत हिंडता तर येईल.”

डोळे लपवायला ती खिडकीशी वळली. कुंडीतली माती ओली होती. वेलीच्या शेंड्याची चार पानं कुणीतरी खुडली होती. देठ अजून वाळायचे होते.