वाक्यात उपयोग

मार्गासनीच्या शाळेत शेफालीबाईंनी फळ्यावर नवं इंग्रजी क्रियापद लिहिलं, फ्लॅबरगास्ट. "म्हणजे माणूस इतका थक्क होतो, की तोंडातून शब्दच फुटत नाही. कोण करतंय वाक्यात उपयोग?"

आठवीतली अश्विनी ताडकन उठली. "काल आमच्या बापानं आईवर लाकूड उगारलं. आईनं भात झोडायला पेंढी धरत्यात तसं त्याला धरलं, अन् खळ्यातल्या दगडावर दाणदाण आपटलं. तोंडातनं रगात आलं, पर शब्द न्हाई. बाप फ्लॅबरगास्ट झाला, बाई."

वर्ग खो खो हसला. बाई हसल्या नाहीत. मधल्या सुट्टीत त्यांनी अश्विनीला बाजूला घेतलं, स्वतःच्या मनगटावरच्या काळ्यानिळ्या वळांवर बाही ओढली आणि हळूच विचारलं, "पेंढी नेमकी कुठं धरायची गं?"