कालवडींची अदलाबदल

काउंटीच्या जत्रेत कालवडी चालवून दाखवण्याच्या स्पर्धेत शेवटी रिंगणात दोघीच उरल्या होत्या: दहा वर्षांची टिल्डा आणि शेजारच्या शेतावरची डेलिया. पंचांनी नेहमीप्रमाणे दोघींना कालवडींची अदलाबदल करायला सांगितलं. परक्या कालवडीला जी नीट चालवेल, तिला पहिल्या बक्षिसाची जांभळी फीत. डेलियाच्या हातात दावं जाताच टिल्डाच्या ट्यूलिपने चारही पाय रोवले. डेलियाने ओढलं, तशी कालवड थरथरायला लागली. बाकावर टिल्डाच्या आईने मनोमन फीत भिंतीवर टांगलीसुद्धा. तेवढ्यात टिल्डा ओरडली, “अगं ए, ओढू नकोस! गळ्याखाली खाजव तिला, आणि काहीतरी गुणगुण.” डेलियाने तसं केलं, आणि ट्यूलिप राणीसारखी चालू लागली. फीत डेलियाला मिळाली. गोठ्यात आईने लेकीला जवळ घेतलं. “किती मोठं मन गं तुझं! डेलियासाठी जिंकणं सोडलंस?” “डेलिया गेली खड्ड्यात,” टिल्डा ट्यूलिपच्या मानेत तोंड खुपसून म्हणाली, “ही घाबरली होती ना!”