गरम तुकडा

लढाईत म्हाताऱ्याच्या मांडीच्या हाडात रुतलेला बॉम्बचा तुकडा आज जखमेच्या तोंडाशी आला आणि ड्रेसरने तो चिमट्याने अलगद ओढला. जन्मभर वाहिलेली जखम आता तरी भरेल, म्हणून मुलीने देवाला हात जोडले.

"सुटलात हो बाबा! आणि तुमच्या कुरकुरीतून आम्हीही."

ड्रेसरने तुकडा पाण्याच्या वाटीत टाकला. पाणी चर्रकन उकळलं.

म्हातारा बघतच राहिला. त्याच स्फोटात धाकट्या भावाला टाकून तो पळाला होता. ती टोचणी जखमेहून खोल होती.

"अजून गरम आहे. म्हणजे बॉम्ब आत्ताच फुटलाय! बूट दे गं माझे, धाकटा जिवंत असेल."

"बाबा, पडून राहा बरं."

तेवढ्यात बाहेरच्या व्हरांड्यातून कुणीतरी कण्हलं, "दादा, थांब ना रे!"

मुलीने बूट पुढे सरकवले.